सासूबाईंचा आवाज आणि माझी भिंत

ती. आई,

वाकून नमस्कार. (पत्रातून वाकायला कंबर लागत नाही, म्हणून या खेपेला जरा जास्तच वाकले आहे.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलं असताना तुम्ही गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या चादरी नीट करून आलात, हे आम्हाला कळलं आहे. कोणी सांगितलं ते विचारू नका; तुमच्या लेकीचं नाव मी मुळीच घेणार नाही. इकडे सगळं ठीक. तुमच्या कुंड्यांना पाणी घालते, गॅसची चावी दोनदा बघते, आणि तुमचे चिरंजीव वेळेवर जेवतात, फक्त वेळ कोणती ते रोज नव्याने ठरवतात. तुम्ही म्हणाल, फोन असताना ही पत्र लिहिण्याची थेरं कशाला? आई, फोनवर माझं 'हॅलो' संपायच्या आत तुमच्या सूचना सुरू झालेल्या असतात. पत्रात मला मध्येच कोणी थांबवू शकत नाही. आणि आज मला अजिबात थांबायचं नाहीये, कारण आज तुमच्या सुनेचे पाय जमिनीला लागत नाहीयेत.

माझी सून टीव्ही दुरुस्त करते, असं तुम्ही लोकांना सांगता ते मला ठाऊक आहे. तक्रार नाही. (त्यापायी समोरच्या काकूंचा टीव्ही मला खरोखरच दुरुस्त करावा लागला, आणि तो आता फक्त बातम्या लावतो.) पण एकदा नीट सांगून टाकते. चित्र आपण बघतो, गाणं आपण ऐकतो. मी ज्या वस्तू करते त्या उलट आपल्याला बघतात, आपलं ऐकतात आणि मग काहीतरी करून दाखवतात. 'त्याचा उपयोग काय?' हा तुमचा प्रश्न मला इथे बसून ऐकू आला. उपयोग काही नाही. झुंबराचा तरी काय असतो? आता हे खरं की आजवरच्या माझ्या वस्तू लोकांना फारशा मानवल्या नाहीत. ती उसासे टाकणारी खुर्ची आठवते ना? बसणाऱ्याचं मन हलकं व्हावं म्हणून मी ती केली, आणि नेमके तुमचे भाऊ, म्हणजे मामा, तिच्यावर बसले. खुर्चीने असा काही उसासा टाकला की मामांनी त्या दिवसापासून रात्रीचं जेवण सोडलं. नंतर ते टाळ्या वाजवणारं पायपुसणं. दूधवाला दारात पाय पुसत उभा राहायचा, टाळ्या काही त्याला पुरायच्या नाहीत, आणि पुढच्या घरांतून आपल्या नावाने शिव्या यायच्या. सगळ्या वस्तू शेवटी घरी परत आल्या आणि तुमच्या खोलीत, पलंगाखाली विसावल्या. कुठेही, कोणीही, एकही वस्तू ठेवून घेतली नाही. ते मला लागायचं, आई. दाखवलं नाही, पण लागायचं.

म्हणून या वेळी मी भिंत केली. भिंत पलंगाखाली जात नाही. शेकडो चौकोनी पत्रे, प्रत्येकाच्या मागे एक चिमुकली मोटर. पत्र्याची एक बाजू आरशासारखी घासलेली, दुसरी काळी. (माळ्यावरचे जुने डबे कुठे गेले, हे मला विचारू नका. अगदीच राहवलं नाही तर चिरंजीवांना विचारा, त्यांना काय सांगायचं ते मी पढवून ठेवलंय.) समोर उभं राहून कोणी बोललं की सगळे पत्रे सळसळत त्याच्याकडे तोंड करतात आणि त्या माणसाला भिंतभर आपला चेहरा दिसतो. आपल्याकडे भिंतीला कान असतात म्हणतात, मी तोंडसुद्धा दिलं. आता गंमत अशी, की असल्या यंत्राला आधी शिकवावं लागतं. माणूस बोलतोय की पंखा घरघरतोय, हे त्याला आपोआप कळत नाही. त्यासाठी तासन्‌तास माणसाचा आवाज लागतो. तो आणायचा कुठून? चिरंजीव तर दिवसाकाठी 'हं' आणि 'बघू' एवढंच बोलतात. आणि मग माझ्या लक्षात आलं, की तुम्ही लेकीकडे गेल्यापासून मला रोज फोनवर जे निरोप रेकॉर्ड करून पाठवता, ते काय थोडे आहेत? सगळे जपून ठेवलेले होते. ते सगळेच्या सगळे मी भिंतीला ऐकवले. रागावू नका. आवाज कसा खणखणीत, एकेक शब्द सुटा, श्वास घ्यायला थांबणं नाही. यंत्र खूश!

उद्‌घाटनाला कलादालन माणसांनी फुललं होतं. मी इस्त्रीची साडी नेसून एका कोपऱ्यात उभी. आता कलादालनात माणसं कशी येतात ते तुम्हाला माहीत नाही. हात मागे बांधून, चवड्यांवर चालत, आणि बोलणं म्हणजे निव्वळ कुजबुज. भिंतीसमोर येऊन कोणी कुजबुजलं 'वा', कोणी कुजबुजलं 'सुरेख'. भिंत ढिम्म. काळी ठिक्कर. मग प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. त्यांचा आवाज म्हणजे साखरेचा पाक. त्याआधी सुताराने शेवटचा खिळा ठोकताना जे काही दहा-वीस पत्रे दचकून वळले होते, तेसुद्धा पाहुण्यांचं भाषण रंगत गेलं तसे एकेक करून पाठ फिरवायला लागले. शेवटचा पत्रा 'मी आपला ऋणी आहे' या वाक्याला वळला. दालनाचे व्यवस्थापक रुमालाने कपाळ पुसून पुसून लाल करत होते. एका समीक्षकांनी मात्र डोळे मिटून 'मोठ्यांकडे पाठ फिरवणारी भिंत! काय धाडस!' असं म्हटलं आणि टाळ्या पडल्या. मी नम्रपणे मान झुकवली. (दुसरं काय करणार? हसायची सोय नव्हती आणि रडले असते तर काजळ ओघळलं असतं.)

तेवढ्यात गर्दीतल्या एक बाई आपल्या नवऱ्यावर कडाडल्या, "अहो, टेकू नका तिथे! रंग ओला असेल! सकाळीच धुतलेला शर्ट आहे तो, बघा जरा!" आणि आई, काय सांगू! सळ्ळकन सगळीच्या सगळी भिंत त्या बाईंकडे वळली. एक पत्रा मागे राहिला नाही. बाईंनी भिंतभर आपला चेहरा पाहिला, पदर सारखा केला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "अगंबाई!" भिंतीने लगेच पाठ फिरवली. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. यंत्रात बिघाड नव्हता. यंत्र चोख होतं, नको इतकं चोख. तुमचे निरोप ऐकून ऐकून त्याची ठाम समजूत झाली होती की माणूस बोलतो म्हणजे झापतो. बाकी सगळा पंखा.

पुढचे दिवस काय वर्णावेत! ही बातमी गावभर झाली. लोक रांगा लावून भिंतीला झापायला यायला लागले. बायका नवऱ्यांना घेऊन आल्या, नवरे एकेकटे आले. एक कारकून रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन आपल्या साहेबांना, म्हणजे भिंतीला, असं काही सुनवायचा की ऐकणाऱ्यांचे हात आपसूक जोडले जायचे. जाताना गडी शीळ घालत जायचा. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. (डोळे मिटलेले आहेत, पण तो विचारमग्नपणा समजावा.) ज्या लोकांनी मला 'सध्या काय, खेळणी का?' असं हसत विचारलं होतं, ते आता आपल्या मुलींना घेऊन माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. आणि मी कोणालाही लपवलेलं नाही. सगळ्यांना सांगते, हे वळण माझ्या सासूबाईंनी लावलेलं आहे. अहो, मलाही लावलंय, फक्त मी इतक्या चटकन वळत नाही.

आता मुद्द्याचं. दालनाला ही भिंत कायमची ठेवून घ्यायची आहे. कायमची, आई! माझी वस्तू घरी परत येणार नाही! फक्त व्यवस्थापकांचं म्हणणं असं, की हे कलादालन आहे, नळावरचं भांडण नव्हे. निवड समितीच्या अध्यक्षबाई स्वतः अगदी मृदू बोलणाऱ्या. भिंत गोड शब्दालाही वळली तर राहील, नाहीतर उचलायची. पण तुम्ही काळजी करू नका, मी खंबीर आहे. तुम्ही आपल्या तब्येतीला जपा आणि चादरी आहेत तशा राहू द्या. मोठ्यांना नमस्कार, लहानांना माझ्याकडून एकेक गालगुच्चा.

तुमची,
आज्ञाधारक (सवडीनुसार) सून

ता. क. एक किरकोळ काम होतं. भिंतीला गोड बोलणं शिकवायचं तर तुमच्याच आवाजातला गोड नमुना हवा. मी तुमचे सगळे निरोप पुन्हा ऐकले. एका ठिकाणी 'बरं केलंस' सापडलं, माझा आनंद गगनात मावेना, पण पुढे होतं, 'आता निस्तर.' एकदा 'धन्य आहेस' आहे, आणि 'मोठी शहाणी' तर जागोजाग आहे. यंत्राला शब्द कळत नाहीत, सूर कळतो. त्याने ती सगळी झापण्यातच जमा केली. तर कृपा करून थोडं कौतुक रेकॉर्ड करून पाठवा. केवळ तांत्रिक कारणासाठी. विषय कोणताही चालेल. उदाहरणार्थ, मी. मध्ये 'पण' हा शब्द येऊ देऊ नका, तो आला की तुमचा सूर फिरतो.

ता. ता. क. तुमच्या चिरंजीवांनी तुमचा आवाज काढून 'शाब्बास सूनबाई' म्हणून पाहिलं. एक पत्रा थरथरला आणि जागीच राहिला. आणि हेही लक्षात असू द्या, की भिंत परत आली तर ती मावेल अशी आपल्या घरात एकच खोली आहे, आणि तिथे तुमचा पलंग आहे.

पुन्हा ता. क. हे पत्र पाकिटात घालायचं राहून गेलं, आणि मधल्या काळात समिती येऊन गेली. खरं सांगते. गोड आवाज काय, कोणाचाही चालतो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा आपल्या मांजरीशी बोलतानाचा आवाज मी भिंतीला ऐकवला आणि काम झालं. अध्यक्षबाई नुसतं 'छान' म्हणाल्या आणि सगळी भिंत त्यांच्याकडे वळली. भिंत राहिली, आई, कायमची राहिली. सगळ्यांनी पाठ थोपटली. एकट्या तुम्ही राहिलात. तेव्हा ते रेकॉर्डिंग तरीही पाठवा. दोनच शब्द असले तरी चालतील. आणि एक करा, फोन वाजला तर मी उचलणार नाही. निरोपच ठेवा, म्हणजे मला तो पुन्हा पुन्हा ऐकता येईल.