मी मादलाला शिवले होते

बा, काल कपाट आवरताना तुमचं मादल सापडलं. ते दोन तोंडांचं ढोलकं मांडीवर घेऊन एक थाप मारली आणि जळगावची ती दुपार जशीच्या तशी आठवली. अजून अंगावर काटा येतो हो!

दुपारच, कारण आपल्या नेपाळी मंडळातले सगळे पुरुष रात्रपाळीचे वॉचमन. त्यामुळे आपलं नेपाळी नाटक दिवाळीत दुपारी दोनला, तुम्ही राखायचात त्या कापसाच्या जिनिंगच्या पटांगणात. धुळ्याची, अमळनेरची आपली माणसं सकाळच्या एसटीनंच हजर. इथं जन्मलेल्या पोरांना आपली भाषा यावी म्हणून तुम्ही मंडळ काढलंत, पण नुसत्या गाण्यांनी तुमचं समाधान होईना. त्या वर्षी नाटक लिहिलंत. पाळी आली की आपल्या पहाडातल्या गावी मुलीला गोठ्यात बसवतात. नाटकातली मुलगी तिथून उठते आणि मादल वाजवत घरात शिरते. ती मुलगी मी, पंधरा वर्षांची. दोन म्हातारे रुसले, तर तुम्ही म्हणालात, "मग समोर बसून बघा, तिकीट नाही!" आणि तालमीत माझ्यामागे एकच धोशा, "ठूलो स्वरमा, छोरी! मोठ्यानं!" घरी मात्र आई महिन्याचे चार दिवस दाराशी गोणपाटावर बसायची, वर्षभरापासून मीही, आणि वरणभात तुम्ही शिजवायचात. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तुम्हाला ते दिसत नव्हतं की दिसूनही बोलवत नव्हतं, कोण जाणे.

नाटकाच्या दिवशी सकाळीच मला पाळी आली. आधी मादलाची पूजा होणार, आणि तसल्या दिवसांत त्याला शिवायचं नाही हा नियम मंडळात कुणीच मोडला नव्हता, तुम्हीसुद्धा. सांगितलं तर नाटक बुडालं. आईनं ओळखलं. माझं लुगडं नीट खोचून देत ती हळूच म्हणाली, "जा तू. मी काही पाहिलं नाही."

गेले! पूजा झाल्यावर तुम्ही स्वतःच्या हातानं मादल माझ्या गळ्यात घातलंत. उन्हानं पावडर ओघळत होती, हात मादल बडवत होते, आणि शेवटचं वाक्य मी जीव खाऊन ओरडले, "आज मला पाळी आली आहे, आणि मी आत येणार!" शेजारच्या अक्कांना मी गोष्ट आधीच मराठीत सांगून ठेवली होती. त्याच सगळ्यांत आधी उठल्या. "आमना घरमा बी हाईच चालस व माय!" म्हणजे त्यांच्याही घरात हेच. मग टाळ्याच टाळ्या! तुम्ही विंगेत डोळे पुसत होतात. संध्याकाळपर्यंत ज्याला त्याला सांगत सुटलात, "कशी बोलली माझी छोरी! अगदी खरं वाटलं."

खरंच होतं, बा.

त्याच संध्याकाळी सांगणार होते. मग म्हटलं उद्या, मग दिवाळी झाल्यावर. पुढच्या महिन्यात आईचं गोणपाट पुन्हा दाराशीच होतं, आणि मी मनातल्या मनात तुम्हाला कोरडा पाषाण म्हणत राहिले, तुम्ही गेल्यावरसुद्धा. हे पत्र आता मादलाच्या खोळीतच राहील. सगळ्या पटांगणाला मी जे ओरडून सांगितलं, ते तुम्हाला एकट्याला सांगायची हिंमत मला झाली नाही. सांगितलं असतं, तर मादल माझ्या गळ्यात घातलं असतंत की काढून घेतलं असतंत? तुम्हाला ती संधी मीच दिली नाही.