संमतीपत्राचं दुसरं पान

अम्मा, आज ऑफिसात एक विड्या वळणारी बाई तिची चाळ पाडायचं संमतीपत्र घेऊन आली होती. मी आता एका आर्किटेक्टकडे काम करते, तू गेल्यानंतर लागले. "मॅडम, सही करू का नको, तेवढं सांगा की," ती म्हणाली. कागद दोनदा वाचला. घरं इथं नाहीत, लांब आहेत, एवढं तिला सांगितलं. ती गेल्यावर तुला लिहायला बसले.

आपली चाळ पाडायचं निघालं तेव्हा मी शेजारच्या शहरात शिकत होते. सुट्टीला घरी आलेय. तू दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळतेयस आणि मी मोठ्या उत्साहानं सांगतेय, की बिल्डरनं गरिबांसाठी छोटी घरं बांधली तर त्याला जादा मजले चढवता येतात, पण ती घरं त्याच जागेवर द्यावी लागतात. "म्हणजे कारखाना जवळच राहतो की," तू म्हणालीस. तुला तेवढीच काळजी. विड्या कारखान्यात वेळेत पोचल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी वळायला पान-तंबाखू मिळत नाही.

संमतीपत्र आलं तेव्हा चाळीतल्या सगळ्या बायका माझ्याभोवती जमल्या. पहिल्या पानावर जादा मजले आणि छोटी घरं दिसली. "करा सही, नियमच आहे तसा," मी म्हणाले. सगळ्यात आधी तुझा अंगठा उठला. तेव्हा शहरागणिक नियमावली वेगळी होती, अम्मा. मी शिकले ती तिथली. आपल्याकडे छोटी घरं दुसऱ्या जागेवर दिली तरी बिल्डरला जादा मजले मिळत होते.

घरं मिळाली ती पार शहराबाहेर, जुळे सोलापूरच्याही पुढं, माळावर. दोन रिक्षा बदलून तू कारखान्यात जायचीस, उशीर व्हायचा, रिकाम्या हातानं परतायचीस. एक दिवस सूप भिंतीला टेकवून ठेवलंस ते कायमचं. शेजारची दारात येऊन म्हणाली, "काय गं, तुझ्या ग्रॅज्युएट पोरीला वाचता येतंय का नुसती डिग्रीच आणली?" तू उसळलीस. "माझ्या पोरीला बोलायचं काम नाही. बिल्डरनं फसवलं, ती काय करंल?" मी आत भाजी चिरत होते. बाहेर आले नाही. पुढं दोन वर्षं, त्याच घरात डोळे मिटेपर्यंत, येईल त्याला तू हेच सांगत राहिलीस.

बिल्डरनं फसवलं नव्हतं. घरं कुठं मिळणार ते दुसऱ्या पानावर साध्या मराठीत लिहिलेलं होतं. मी ते पान उलटलंच नव्हतं.

तू असतीस तरी हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. आणि खरं सांगते अम्मा, दुसऱ्या पानाचं मी गाळून वाचलं असतं.