पहिली देवीची

बुधवार, संध्याकाळ. सीवूड्स.

आज दहावीला उत्क्रांती शिकवताना फळ्यावर निवटी काढली, आपल्या खाडीतली, परांच्या आधाराने चिखलावर चालणारी मासळी. एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही देव मानता की हे?" मी म्हटलं, "देव घरी, हे शाळेत." वर्ग हसला. मला मात्र ते उत्तर तेव्हापासून टोचतंय. खोटंच होतं ना ते?

बाबा होते तेव्हा शिरवण्याच्या खाडीत निवट्या पकडायचे. पहिली हाती आली की "पयली देवीची" म्हणून परत चिखलात सोडायचे. मी कॉलेजात उत्क्रांती नवीनच शिकले होते, म्हणून एकदा ऐटीत सांगितलं, "बाबा, ही आपली लांबची नातेवाईक आहे." त्यांना काहीच नवल वाटलं नाही. म्हणाले, "भावकी हाय का? मंग तर एक सोडलीच पायजे."

"आणि बाकीच्या?"

"भावकी एकमेकांना खातेच की गो!" आणि असे हसले, की चिखलात बसलेच.

देवी राहिली, नातंही राहिलं. त्यांना कुठे अडलंच नाही. मला का अडावं?

शाळेतून येताना बाजारातून जिवंत निवट्या आणल्या. एक बादलीत बाजूला काढली. डोळे वर काढून बघत होती, नात्यातल्यासारखी. ह्यांना स्कूटर काढायला लावली आणि खाडीवर गेले. सोडताना तोंडातून निघालं ते शाळेतलं मराठी नव्हतं. "पयली देवीची."

मागून बाबा हसतील म्हणून जरा वेळ तिथेच थांबले.