मंगल कार्यालयाच्या छतावरचा ई-चार

सर, छतावर चढून एसी दुरुस्त करणाऱ्या आपणा सगळ्यांचं एक गाऱ्हाणं आहे, आणि ते तुमच्या काळापासून तसूभरही बदललेलं नाही. आपण शिडीला हात लावायच्या आधीच खाली खुर्चीवर बसलेल्या माणसानं दोष कोणाचा ते ठरवून टाकलेलं असतं. आपल्याला वर पाठवतात ते शोधायला नव्हे, सही करायला. या अन्यायावर मी गेटसभांत बोललो आहे, कामगारांच्या मेळाव्यांत बोललो आहे, एकदा तर एका साखरपुड्यातही बोललो आहे, आणि माझा आवाज तुम्हाला माहीत आहेच, माईक लागत नाही. पण आज तक्रार करायला बसलेलो नाही. आज एक आनंदाची गोष्ट सांगायची आहे, आणि ती पूर्ण कळेल असा माणूस मला आयटीआयात हे काम शिकवणाऱ्या तुमच्याशिवाय आठवत नाही. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, ही त्यातली किरकोळ अडचण.

तुम्ही गेल्यावर मशीनं बोलायला लागली, सर. आपल्या वेळी स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. आता मोठ्या इमारतींच्या छतावर बसवतात त्या एसी युनिटच्या पोटात एक छोटी काच असते. बिघाड झाला की तिच्यावर एक अक्षर आणि एक आकडा उमटतो. त्याला कोड म्हणतात. मी सांगतोय त्या मशीनवर ई-चार आला तर समजायचं की बाहेरच्या कॉइलमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या जाळीत, गॅसचा दाब फार वाढला, म्हणून मशीननं स्वतःला बंद करून घेतलं. नव्या मेकॅनिकांना वाटतं, कोड वाचला म्हणजे रोग कळला. अरे, पेशंट 'दुखतंय' म्हणाला म्हणजे निदान झालं का? दाब वाढला एवढंच मशीन सांगतं; का वाढला ते शोधायला माणूस लागतो. आणि आपल्या माणसांना शोधण्यापेक्षा पुसण्याची घाई. मेन स्विच पाडला आणि पुन्हा वर केला की या जुन्या बोर्डावरचा कोड जातो, मशीन सुरू होतं, खाली सगळे खूश. गुन्हा तसाच, साक्षीदार तेवढा गायब.

राहात्याच्या त्या दूध शीतकरण केंद्रातला दिवस मला कालच्यासारखा आठवतो. कॉम्प्रेसर दर थोड्या वेळानं बंद पडत होता. मी एकोणीस वर्षांचा, दोन मिनिटांत निकाल दिला की कॉम्प्रेसर गेला, आणि वर व्यवस्थापनाच्या निष्काळजीपणावर तिथल्या कामगारांपुढे चांगलं ठणठणीत भाषणही ठोकलं. तुम्ही दुधाच्या पालथ्या कॅनवर बसला आहात. शांतपणे म्हणता, "भाषण झालं असेल तर इथं येऊन बस. पंधरा मिनिटं कशाला हात लावायचा नाही." मी चिडून बसतो. तुम्ही खिशातून शेंगदाणे काढता, अर्धे मला देता. बाराव्या मिनिटाला पलीकडच्या ओट्यावर कोणीतरी कॅन धुवायला नळ सोडतो, आणि इकडे कॉम्प्रेसर बंद. पाणी एकाच टाकीतून येत होतं. तिकडे नळ सुटला की इकडे मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बारीक व्हायची. परत येताना एसटीत तुम्ही मला म्हणालात, "यंत्र खोटं बोलत नाही, पण फार थोडं बोलतं. उरलेलं तू बोलू नकोस. बघ." त्या वाक्यानं मी आठवडाभर तुमच्यावर रुसलो होतो. त्याच नाताळात तुमच्या स्वयंपाकघरात तुमच्या सौभाग्यवती, आमच्या बाई, करंज्या तळत असताना तुम्ही मला तो जुना शब्दकोश दिलात, पहिली चाळीस पानं नसलेला. 'अ'चे शब्द यात नाहीत, पण 'अहंकार' तुला पुस्तकातून शिकायची गरज नाही, असं तुम्ही म्हणालात आणि बाई हसून हसून झाऱ्यासकट वळल्या. त्यानंतर मी हाती लागेल ते वाचत सुटलो, ते अजून थांबलो नाही.

तर या उन्हाळ्यात सोनईच्या एका मंगल कार्यालयातून बोलावणं आलं. छतावर दोन युनिटं, त्यातलं दोन नंबरचं ऐन मुहूर्ताला बंद पडायचं. वरात येते, मंडप भरतो, आणि अक्षता पडायच्या वेळी नवऱ्याकडचे मामा पत्रावळीनं वारा घेत बसलेले. मालकाची पार अब्रू गेली होती. आणि दोष कोणाचा ते अर्थातच ठरलेलं होतं. तिथं एक ऑपरेटर आहे, कर्जतकडचा, अकरा वर्षं ही मशीनं सांभाळणारा. आधीच्या मेकॅनिकनं सांगून ठेवलं होतं की ई-चार म्हणजे कॉइल मळलेली, म्हणजे हा माणूस धूत नाही. तो बिचारा दिवसाआड धूत होता. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा कॉइल आरशासारखी स्वच्छ, गॅस बरोबर, पंखा बरोबर. दोन्ही वेळा मीही मान हलवली, स्विच पाडून वर केला, मशीन मजेत चालू झालं आणि मी आलो. हो सर, मीही.

तिसऱ्यांदा मालकाचा फोन आला तेव्हा सूर वेगळा होता. आज लग्न आहे, आज मशीन बंद पडलं तर ऑपरेटरला काढतोय, दुसरा माणूस आणून ऑफिसात बसवलाय, तुम्ही फक्त याचा हलगर्जीपणा आहे असं लिहून द्या. नोकरीबरोबर कार्यालयामागची खोलीही जाणार होती, आणि त्याची मुलगी येत्या वर्षी दहावीला. मी सकाळीच पोहोचलो. ऑपरेटर शिडीपाशी उभा होता. गयावया नाही, रडारड नाही. म्हणाला, "सायेब, एकदा प्यानलचं दार उघडून आतून बघा." दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात तारखा आणि वेळा लिहिलेल्या. मशीन बंद पडलं की कोड पुसायच्या आधी तो दर वेळी टिपून ठेवत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी दोनदा ते दार उघडलं होतं आणि दोनदा पेन्सिलीवरून नजर फिरवून पुढे गेलो होतो. कामगाराचं ऐका म्हणून जिल्हाभर घसा फोडणारा मी, कामगारानं लिहिलेलं वाचलं नव्हतं.

आता वाचलं. सगळ्या वेळा अकरा ते एकच्या मधल्या. सगळे दिवस लग्नाचे. एक नंबरचं युनिट एकदाही नाही. मी त्याला म्हटलं, तू खाली जा, आपलं काम कर, आणि मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. कशाला हात लावला नाही. तुमचे शेंगदाणे नव्हते, एवढंच कमी.

साडेदहाला शेजारच्या घराच्या गच्चीवरून, मधला बुटका कठडा ओलांडून एक म्हातारी आली. सत्तरीची, काटक, पदर खोचलेला. एका हातानं पट्ट्यांची हलकी बाज ओढत होती. ती मालकाची आई. बाज तिनं अशी अचूक लावली की एक नंबरच्या युनिटमधून फेकला जाणारा गरम वारा सरळ तिच्यावरून दोन नंबरच्या ओढीत जावा. मग दोन खेपा करून तिनं कुरडया आणल्या, गव्हाच्या चिकाच्या, पांढऱ्याशुभ्र, सकाळी पाडलेल्या. त्या बाजेवर मांडल्या, चिमण्या येऊ नयेत म्हणून वरून एक जुनी तलम साडी पसरली, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले आणि कंबरेवर हात ठेवून समाधानानं बघत उभी राहिली. सर, मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला कळलं अर्ध्या तासानं, जेव्हा त्या वाऱ्यानं साडीचा एक दगड सरकला, साडी उडाली आणि पलीकडे हवा आत ओढणाऱ्या दोन नंबरच्या कॉइलवर जाऊन सपकन चिकटली. घडीसुद्धा पडली नाही. मशीनला नाक दाबल्यासारखं झालं. काचेवर ई-चार. पंखा थांबला. आणि पंखा थांबताच साडी अलगद खाली गळून पडली, जणू काही झालंच नाही.

मी इतका हसलो की टाकीवरची कबुतरं उडाली. कुरडया उन्हात वाळायला दोन दिवस लागतात, या वाऱ्यात दुपारपर्यंत कडक. पण वारा मशीन चालू असेल तेव्हाच, आणि मशीन लग्न असेल तेव्हाच. म्हणून ही बाई खालच्या फळ्यावरच्या लग्नाच्या तारखा बघून गहू भिजत घालत होती. दोन नंबर बंद पडलं की त्याची ओढ गेली आणि बाजेवरचा वारा मंदावला, म्हणून बाज उचलून आपल्या गच्चीवर उन्हात. आम्ही शिडीनं वर येईपर्यंत छत रिकामं. लेकाला सांगितलं नव्हतं, कारण तो म्हणाला असता पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.

म्हातारी माझ्याकडे वळली. तिच्या मते गुन्हेगार मी होतो.

"दात काय काढतो? वारा कशाला कमी केला? कुरडया वल्ल्या हायेत अजून."

मी तिला साडी दाखवली, कॉइल दाखवली, सगळं समजावलं. तिनं दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग म्हणाली की म्हणजे ते कर्जतवालं लेकरू तीन आठवडे आपल्यापायी शिव्या खातंय. आणि माझ्याआधी शिडी उतरायला लागली.

ऑफिसात मालक, नवा माणूस आणि दाराशी ऑपरेटर. मी कागद घेतला आणि लिहिलं: 'कॉइलवर कापड अडकल्याने हवा बंद होऊन दाब वाढला.' मालकानं वाचलं आणि लगेच ऑपरेटरकडे बघून म्हणाला की बघ, पुसायचा पोतेरा वर टाकून आलास ना. ऑपरेटरनं माझ्याकडे बघितलं. सर, मी किती सभा गाजवल्या याचा मला हिशेब नाही, पण त्या क्षणी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मालकाच्या आईचं नाव त्याच्याच ऑफिसात, नव्या माणसासमोर कसं घ्यायचं, अशी भीड पडली. भीड म्हणतो, तुम्ही याला भीतीच म्हणाला असता.

म्हातारीनं कागद ओढून घेतला, लांब धरून वाचला आणि माझ्यापुढे आपटला.

"कापड काय कापड? माझी साडी हाय ती. त्या बाजारतळावरच्या सभेत एवढं मोठं बोलतो, आन लिवताना बारीक होतो व्हय?"

मी दुसरा कागद घेतला. 'मालकांच्या मातोश्रींनी कुरडयांवर घातलेली साडी' असं लिहिलं. तिनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं, आणि ऑपरेटरला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा वाचायला लावलं. मालक आधी लाल झाला, मग त्याचे खांदे हलायला लागले, मग तो टेबलावर डोकं टेकून हसला. नवा माणूस लग्नाचं जेवण जेवून आपल्या वाटेनं गेला. वर दोन नंबर घुमायला लागलं, खाली हॉल गार झाला, मंगलाष्टका म्हणणाऱ्या बाईंचा आवाजसुद्धा सुधारला. ऑपरेटर आणि म्हातारीनं मिळून बाजेला नवी जागा ठरवली, कॉइलपासून लांब, वाऱ्यात मात्र बरोबर. साडीला आता दगड नाहीत, चिमटे आहेत. त्या दिवसापासून एकही ई-चार नाही, हे मला त्याच पेन्सिलीच्या अक्षरांनी सांगितलं. पंगतीत ऑपरेटर माझ्या शेजारी बसला आणि मी नको नको म्हणत असताना माझ्या पानात तिसऱ्यांदा बुंदी वाढवून घेतली. इतकं चविष्ट जेवण मी खूप दिवसांत जेवलो नव्हतो.

गेल्या महिन्यात आपल्याच आयटीआयच्या निरोप समारंभात मला बोलायला बोलावलं होतं. तुमचा तो वर्कशॉप आता रंगवलाय, खिडक्या मोठ्या केल्यात. मी ही गोष्ट सांगितली, रंगवून सांगितली, सगळं सभागृह हसलं. पण सर, तिथं सांगितलेल्या गोष्टीत पहिला कागद नव्हताच. तिथं मी पहिल्या फटक्यात 'साडी' लिहितो, मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून लिहितो, आणि म्हातारी नुसती कौतुकानं मान डोलावते. खूप टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

एवढंच सांगायचं होतं, त्यासाठी इतका फेरा घेतला. हे पत्र मी टाकणार नाही. तुमच्या घरात आता दुसरी माणसं राहतात, त्यांना कशाला त्रास. तुम्ही मात्र एक करा. प्रात्यक्षिकांच्या गुणांची तुमची वही उघडा, माझं नाव शोधा आणि दोन गुण कापा.