हजारात एक

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

राग अजून उतरलेला नाही. आज काशिनाथच्या खटल्याला कोर्टात जाऊन बसले होते. इतकी वर्षं आमच्या वाडीतले नारळ उतरवणारा माणूस, आणि आरोप काय, तर दिवेआगरच्या होमस्टेत शिरून मोबाइल चोरला. पळणाऱ्याचा चेहरा पाहुण्या बाईंना दिसलाच नव्हता, पाय आणि कंबर तेवढी दिसली. तरी सरकारी वकील ठणकावून म्हणाला, "अनवाणी माणूस दहात एक. कमरेला कोयता, दहात एक. घोट्यांवर घट्टे, दहात एक. गुणाकार करा साहेब, हजारात एक! गणित खोटं बोलत नाही."

अरे, माडावर चढणारा अनवाणीच चढतो, कोयता कमरेलाच लावतो, आणि पायातल्या दोरीने घोट्यांना घट्टे पडतातच! तीन पुरावे कसले, एकच धंदा आहे हा. असे वीस जण आमच्याच गावात निघतील. आणि साहेबांनी तो आकडा लिहूनही घेतला. काशिनाथ नुसता आपल्या घोट्यांकडे बघत उभा.

बाहेर त्याची बायको म्हणाली, "बाई, तुमी गणिताच्या. तो हिशोब खरा हाय का?" नाही म्हटलं. "मग त्या वकिलाला असं शिकवलं कोणी?"

तो वकील बारावीला गणित माझ्याकडेच शिकला. घटना एकमेकींवर अवलंबून नसतील तरच गुणाकार करायचा, ही अट पुस्तकात छापलेली आहे. दरवर्षी मीच सांगायचे, ही ओळ परीक्षेत येत नाही, सोडून द्या.