टोपीखालचं लाल डोकं

प्रज्वल,

चाकणला रूम घेऊन बसलास, फोन उचलत न्हाईस, म्हणून तुझी आत्या कागदावर भांडतीय.

टक्कल पडतंय म्हणून औषध लावत व्हतास, बरं. पण औषधाच्या जोडीला डोक्यावर बारीक सुयांचा रोलर फिरवून घ्यायचा, तो काय दिव्याला बघायला जायच्या आदल्या दिवशी? आन लाली झाकायला वर कॅप! राजगुरुनगरची माणसं पाव्हण्याला टोपी-टॉवेल केल्याबिगर सोडत्यात व्हय? दिव्याच्या चुलत्यानं टोपी घालायला तुझी कॅप काढली, लालभडक ठिपके बघितले आन टोपी परत ताटात ठिवली. "पोराला कातडीचा रोग हाय," म्हणाला. तू नुसती कॅप परत डोक्यावर ओढलीस. मला तरी रोलरचं कुठं ठावं व्हतं, ते तू घरी आल्यावर सांगितलंस.

काल डांगे चौकात दिव्या दिसली. तिला सगळं सांगितलं. "एवढंच व्हय मावशी? मला तर पसंत होते ते. तिथंच बोलायचं की," म्हणाली. तिच्या हातावर दुसऱ्या पोराशी झालेल्या साखरपुड्याची मेंदी व्हती.

हे वाचलंस तर आणखीनच तोंड लपवशील. तवा धाडत न्हाई.

केस येऊ देत न्हाईतर जाऊ देत, जेवायला येत जा.

तुझी,
दुर्गाआत्या, थेरगाव