वीस दिवस की तेहतीस

चाचा, डॉक्टरीणबाईंनी शक्यतो बोलू नका असं बजावलं आहे, म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला हसू आलं असतं. शारजाच्या त्या पहिल्या साइटवर मी सातव्या मजल्यावरून हाक मारली की खाली क्रेनवाला दचकायचा, आणि तुम्ही म्हणायचात, याच्या गळ्यात कंपनीने भोंगा बसवलाय. त्या भोंग्याला आता गाठ आली आहे. डाव्या स्वरतंतूवर, तांदळाच्या दाण्याएवढी. कॅन्सरच आहे, पण अगदी लवकर सापडला म्हणतात. चार महिने आवाज बसला होता, आणि मी अल ऐनची धूळ, एसी, थंड पाणी, सगळ्यांना दोष देऊन मोकळा झालो होतो. सिगारेट तेवढी सोडली नव्हती. रेडिएशनची वीस सिटिंग ठरली, त्यांतली अठरा झाली, दोन राहिलीत. घशातून आता नुसता वारा येतो. आवाज परत येईल की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. आणि हे वीस दिवस मीच निवडलेत, तेहतीस मिळत असताना.

तेहतीस सोडून वीस घेतले हे तुम्हाला पटलं नसतं. मी तुमच्या हाताखाली येऊन वर्षही झालं नव्हतं, माणगावकडचा बावीस वर्षांचा पोरगा, सुतारकाम येतं असं खोटं सांगून आलेला. तुम्ही रत्नागिरीचे, शटरिंगचे फोरमन, आणि मी पहिल्याच दिवशी रंधा उलटा धरला तेव्हा काही न बोलता तो सुलटा करून दिलात. एकदा तुम्ही दोन दिवस दुसऱ्या साइटवर गेला होतात. इंजिनियरला पुढच्या मजल्यासाठी टेकू हवे होते. तो म्हणाला, यल्ला, निकालो, काँक्रीट पकडलंय. मी बाल्कनीच्या स्लॅबखालचे टेकू तीन दिवस आधी काढले. तुम्ही परत आलात, वर पाहिलंत, स्लॅबला कडेने केसासारखी भेग होती. मला वाटलं मारणार. तुम्ही माझं मनगट धरून मला त्या स्लॅबखाली नेलंत. 'इथे उभा राहा,' म्हणालात. 'साहेबाने सांगितलं म्हणून काढलेस ना? साहेब काही इथे उभा राहत नाही. तू राहा.' आणि तुम्ही माझ्या शेजारी उभे राहिलात. तुमचा खांदा माझ्या खांद्याला लागतोय, वरून कुठेतरी वाळूचे चार कण पडताहेत, आणि तुम्ही शांतपणे छताकडे बघताय. पाच मिनिटं असतील. बाहेर आल्यावर एवढंच म्हणालात की काँक्रीटला त्याचे दिवस द्यायचे, घाई कोणालाही असो. ते मी आजपर्यंत पाळलं. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हेच सांगतो, फक्त तुमच्याइतक्या हळू आवाजात मला कधी सांगता आलं नाही.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी दोन कागद पुढे ठेवले तेव्हा मी आधी दिवस मोजले. एका कागदावर तेहतीस सिटिंग, साडेसहा आठवडे, रोज थोडं थोडं. ही जुनी, ठरलेली पद्धत. दुसऱ्यावर वीस सिटिंग, चार आठवडे, रोजचा डोस मोठा. त्या केरळच्या, हिंदी सावकाश बोलतात. म्हणाल्या, दोन्ही पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या आहेत, एवढ्या लहान गाठीला छोटा कोर्स कमी पडत नाही. घसा दोन्हींत सोलवटतो, छोट्यात जरा लवकर. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, आला इंजिनियर. त्यात आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने भर घातली. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन बाहेरचं काम सरकारनेच बंद ठेवलेलं असतं, तेवढ्यात हॉस्पिटलला जाऊन यायचं ठरत होतं. चार आठवडे म्हटल्यावर तो खुश झाला. म्हणाला, परफेक्ट, सुट्टीसुद्धा लागणार नाही. झालं, माझा संशय पक्का झाला. ज्याला स्लॅबखाली उभं राहायचं नाही तो नेहमी कमी दिवस सांगतो. मी डॉक्टरीणबाईंना कळवलं की मला लांबचाच पाहिजे, पण आठवडाभर विचार करतो. मला गाठ झालेली आणि मी विचार करतोय.

माझी मुलगी इथेच कॉलेजात शिकते. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं भांडण दोन भाषांत व्यवस्थित चालतं. तिने कुठून कुठून माहिती काढून वाचली, दोन रकाने आखले, एकात वीस, एकात तेहतीस, आणि माझ्या ताटाशेजारी ठेवले. मी तिला तुमची बाल्कनी सांगितली. टेकू, भेग, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'बाबा, इट्स नॉट कॉन्क्रीट.' मला राग आला. वाटेल ते बोलून गेलो, बसक्या आवाजात जेवढं बोलता येतं तेवढं. ती उठून गेली नाही. रकान्यांवर बोट ठेवून बसून राहिली. बायको म्हणाली, तुम्हाला डॉक्टरवर विश्वास नाही आणि मेलेल्या माणसावर आहे.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. डॉक्टरीणबाईंना मी तुमचा तो स्लॅबखालचा प्रश्न विचारला, माझ्या हिंदीत. म्हटलं, मॅडम, आप के फादर होते तो? त्यांनी पेन खाली ठेवलं. 'मेरे फादर होते तो छोटा वाला देती,' त्या म्हणाल्या, 'और एक हफ्ता पहले शुरू कर देती.' मग त्यांनी समजावून सांगितलं, की ही गाठ गप्प बसत नाही. कोर्स जितका लांबतो, मधे जितके खाडे होतात, तितकी तिला परत वाढायला फुरसत मिळते. म्हणून लांबचा घेतला तरी एक दिवस चुकवायचा नाही, आणि छोटा घेतला तर अजिबातच नाही. चाचा, काँक्रीटला दिलेले दिवस आपल्या बाजूचे असतात, इथले दिवस गाठीच्या बाजूचे होते. तुमचं सांगणं खोटं नव्हतं, मी ते भलत्याच जागी लावलं होतं आणि त्यात आठ दिवस घालवले होते. मी छोट्या कोर्सवर सही केली.

त्यांनी माझ्या चेहऱ्यावर गरम जाळी दाबून मुखवटा केला, खांद्यांपर्यंत. रोज तो घालून टेबलाला अडकवतात. सगळे खोलीबाहेर जातात, आणि स्पीकरवरून आवाज येतो, डोंट स्वॅलो, हबीबी. गिळू नको म्हटलं की नेमकं गिळावंसं वाटतं. दोन आठवडे मी ऐटीत गेलो. तिसऱ्या आठवड्यात घसा पेटला. पेज गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि एका सकाळी आवाज पूर्ण गेला. मी बाथरूममध्ये आरशासमोर उभा राहून 'अरे' म्हणायचा प्रयत्न केला आणि नुसती फुस्स हवा आली. तो आवाज मी आधी ऐकला होता. कोणाचा, ते तुम्हाला सांगायला नको.

त्या दिवशी चौदावं सिटिंग होतं. दुपारी एकला मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि उतरलोच नाही. एसी चालू, बाहेर सगळं पांढरं पडलेलं. मला खात्री पटली होती की मोठ्या डोसाने माझा स्वरतंतू जाळला, की रोज थोडं थोडं घेतलं असतं तर आवाज राहिला असता, की मी पुन्हा एकदा साहेबाचं ऐकून टेकू काढले. आज जायचं नाही, असं ठरवलं. एक दिवसाने काय होतंय. सव्वा वाजता मुलीचा फोन आला. हॉस्पिटलातून तिला विचारलं होतं, पेशंट आला नाही. मी फोन उचलला आणि कानाला लावून बसलो. बोलणार काय. तिला माझा श्वास ऐकू आला असावा. ती म्हणाली, 'बाबा, डोंट टॉक. आय कॅन हिअर यू. फोनवर टकटक कर.' मी नखाने दोनदा टकटक केलं. 'कारमध्ये आहेस?' हे तिने मराठीत विचारलं. टकटक. मग ती म्हणाली, मी फोन ठेवत नाही, तू उतर आणि चालत जा. मी फोन कानाला धरून ते कडक ऊन ओलांडलं. ती काहीबाही बोलत होती, लायब्ररी, मैत्रिणीचा वाढदिवस, आईने काय केलंय जेवायला, आणि मी अधूनमधून टकटक करत होतो. मुखवटा चढवायच्या आधी तिथल्या टेक्निशियनने माझ्या हातातून फोन घेतला, तेव्हा तो चालूच होता.

आज अठरावं झालं. डॉक्टरीणबाई म्हणतात, या टप्प्याला आवाज जाणं नेहमीचं आहे, दोन्ही पद्धतींत जातो, बहुतेकांचा परत येतो. दीडेक महिन्याने दुर्बीण घालून बघतील. तोवर मी काहीच मानत नाही. भीती वाटते, चाचा. फक्त मरणाची नाही, अशा आवाजाने जगायची. कोणी माझा फोन घेईल आणि ठेवून देईल, याची.

तुम्ही आवाज बसलेल्या अवस्थेतच सुट्टीवर गावी गेलात आणि परत आला नाहीत. तुमच्याही घशात गाठच होती, पण ती खूप उशिरा कळली, तेव्हा निवडायला दोन कागद नव्हते. शेवटी एकदा मी बूथवरून तुमच्या घरी फोन लावला. तुम्ही फोनवर आलात आणि तीच फुस्स हवा आली. त्यात माझं नाव होतं, मला कळलं होतं. मी दोनदा हॅलो हॅलो केलं, म्हणालो आवाज येत नाही, आणि कॅम्पवर येऊन सगळ्यांना सांगितलं की लाइन कटली. तुमच्या घरून नंतर निरोप आला, चाचा बराच वेळ फोन धरून बसले होते, म्हणत होते पोराचा फोन परत लागेल. चाचा, लाइन कटली नव्हती. मीच फोन ठेवला होता.